संगणकांच्या जोडपेटीतील प्रेषकपत्त्यांची वही

वरच्या प्राथमिक वर्गांत संगणकांची जोडणी शिकविताना शिक्षकांपुढे एक अडचण हमखास उभी राहते. संगणक दिसतात, त्यांच्या पाठीमागून निघालेल्या तारा दिसतात, त्या सर्व तारा जिच्यात येऊन मिळतात ती पेटीही दिसते. परंतु पेटीच्या आत काय घडते ते दिसत नाही. मग “पेटी माहिती पुढे पाठविते” एवढे सांगून पाठ आटोपला जातो. कोणाची माहिती, कोणाकडे, आणि पेटीला ते समजते कसे, हे प्रश्न मुलांच्या मनात तसेच राहतात. वस्तुतः त्यांचे उत्तर एका लहानशा वहीत आहे. पेटी ती वही स्वतःच लिहिते व स्वतःच पुसते. आणि पेटी योग्य प्रकारची असेल तर ती वही शिक्षकासही वाचता येते.

बोलण्यात या पेटीला सरसकट हब म्हटले जाते. तथापि आज शाळेत जी पेटी येते ती बहुधा हब नसून स्विच असते. (स्विच म्हटले की मुलांना भिंतीवरील विजेचे बटण आठवते, हा घोटाळा आरंभीच दूर करावा.) दोघांचे बाह्य रूप सारखेच: एका ओळीत आठ, सोळा किंवा चोवीस भोके, ज्यांस पोर्ट म्हणतात, व प्रत्येक भोकापाशी एक बारीक दिवा. स्वभाव मात्र अगदी भिन्न. हब हा दवंडीवाला होय. एका तारेतून आलेला संदेश तो बाकीच्या सर्व तारांवर जसाच्या तसा ओरडून सांगतो. ज्याचे काम असेल त्याने ऐकावे, इतरांनी सोडून द्यावे. दोन संगणक एकदम बोलू लागले तर दोघांचेही बोलणे वाया जाते व दोघांस थोडे थांबून पुन्हा बोलावे लागते. स्विच हा पोस्टमन होय. कोणते घर कोणत्या आळीत आहे हे तो लक्षात ठेवतो आणि पत्र त्याच घरी टाकतो. हबचा काळ आता संपला आहे. नव्या जोडणीत हब वापरू नयेत असे इथरनेटच्या मानकातच २०११ पासून नमूद आहे. शिकविताना मात्र हबपासूनच आरंभ करावा. दवंडीची गैरसोय समजल्याखेरीज पोस्टमनच्या वहीचे महत्त्व मुलांस पटणार नाही.

आता पत्त्याविषयी. तारेने जोडलेल्या संगणकांच्या या भाषेस इथरनेट म्हणतात. तिची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात मांडली. त्या पहिल्या प्रयोगात संगणकाचा पत्ता अवघा ८ बिटांचा होता, म्हणजे सर्व मिळून २५६ पत्ते. एका इमारतीपुरते ते पुरले. पुढे हा पत्ता ४८ बिटांचा करण्यात आला. त्यामागचा विचार योगेन दलाल व रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ च्या एका निबंधात मांडला आहे. यांपैकी दलाल यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण मुंबईस पवई येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत झाले होते, ही गोष्ट वर्गात अवश्य सांगावी. ४८ बिटांचे पत्ते किती होतात? सुमारे २८१ लक्ष कोटी. एवढी मोठी संख्या घेण्याचे कारण असे की, प्रत्येक यंत्रास कारखान्यातच जगात एकमेव असा पत्ता देता यावा आणि ते यंत्र कोठेही नेऊन जोडले तरी त्याचा दुसऱ्याशी घोटाळा होऊ नये. पत्त्याचा पहिला अर्धा भाग यंत्र बनविणाऱ्या कंपनीचा, दुसरा अर्धा त्या यंत्राचा अनुक्रमांक. आडनाव आणि नाव म्हटले तरी चालेल. कंपन्यांस आडनावे वाटण्याचे काम प्रथम झेरॉक्स कंपनी करी. नंतर ते आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेकडे आले. या पत्त्यास मॅक पत्ता म्हणतात. तो बारा चिन्हांत लिहितात. ० ते ९ हे अंक आणि त्यांपुढे इंग्रजी ए ते एफ ही सहा अक्षरे त्यांत येतात.

इथरनेटवरून जाणारे प्रत्येक पत्र आरंभीच दोन पत्ते घेऊन निघते. प्रथम कोणाला, लगेच त्यामागून कोणाकडून. पुढे मजकूर, तो एका पत्रात १५०० बाइटांहून अधिक नाही. बहुतेकांचे लक्ष “कोणाला” या पत्त्याकडे जाते, कारण पत्र पोचविण्याचे काम त्यावरून होते असे वाटते. परंतु स्विच शहाणा होतो तो दुसऱ्या पत्त्यामुळे, प्रेषकाच्या पत्त्यामुळे. पोर्ट ३ मधून एक पत्र आले आणि त्यावर प्रेषक म्हणून “क” लिहिलेले असेल, तर क हा पोर्ट ३ च्या बाजूस राहतो एवढे स्विचला कळले. त्याने ते वहीत लिहिले. कोणी त्यास विचारून सांगितले नाही, कोणी यादी आणून दिली नाही. पुढे कोणी क ला पत्र धाडले की ते फक्त पोर्ट ३ वर जाते. ज्याचे नाव वहीत अद्याप नाही अशासाठी पत्र आले तर स्विच तेवढ्यापुरता दवंडीवाला होतो व आलेले पोर्ट सोडून सर्व पोर्टांवर ते पाठवितो. ज्याच्यासाठी ते असते तो उत्तर देतो, उत्तरावर त्याचा प्रेषकपत्ता असतो, आणि वहीत आणखी एक नोंद पडते.

असा बहुपोर्टी इथरनेट-स्विच प्रथम बाजारात आणला तो अमेरिकेतील एका कंपनीने १९९० साली. त्या कंपनीचे नाव “कल्पना”. विनोद भारद्वाज हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. १९९४ साली ती सिस्को या मोठ्या कंपनीने विकत घेतली.

खेळ

हे सर्व फळ्यावर आकृती काढून सांगण्यापेक्षा खेळातून दाखविणे इष्ट होय. खर्च काहीच नाही. एक जुनी चादर वर्गात आडवी बांधावी व तिला छातीच्या उंचीवर सहा फटी पाडून त्यांवर १ ते ६ आकडे लावावेत. चादरीच्या एका बाजूस सहा मुले, प्रत्येक फटीपाशी एक. दुसऱ्या बाजूस पाटी-पेन्सिल घेतलेला एकच मुलगा किंवा मुलगी. हा स्विच. पलीकडच्या मुलांस क, ख, ग, घ, च, छ अशी नावे द्यावीत, पण ती कोणत्या फटीपाशी कोण उभी आहेत हे स्विचला सांगू नये. चादर त्यासाठीच आहे. स्विचला माणूस दिसत नाही, फक्त फट दिसते. हा या पाठातील कळीचा मुद्दा असून तो तोंडाने सांगण्याची गरज पडू नये.

मुलांनी चिठ्ठीवर “कोणाला, कोणाकडून, काय” असे लिहून ती आपल्या फटीतून आत सरकवावी. पहिल्या डावात पाटी वापरावयाची नाही. स्विचने हब व्हावे आणि प्रत्येक चिठ्ठीच्या पाच प्रती करून इतर पाचही फटींतून द्याव्यात. दोन-तीन चिठ्ठ्यांतच तो मुलगा घामाघूम होईल. दुसऱ्या डावात पाटी द्यावी. नियम दोनच: चिठ्ठी आली की आधी “कोणाकडून” वाचून फटीचा आकडा त्या नावासमोर लिहावयाचा, मग “कोणाला” वाचून पाटीत ते नाव असेल तर त्याच फटीतून चिठ्ठी द्यावयाची, नसेल तर इतर सर्व फटींतून. पहिल्या काही चिठ्ठ्या गर्दी करतील, नंतर काम शांत होईल. सहाही जणांनी एकदा तरी बोलल्यावर पाटी पूर्ण भरलेली असेल.

मग शिक्षकाने ख आणि घ यांस खुणेने जागा बदलावयास सांगावी, आवाज न करता. पुढची ख साठीची चिठ्ठी घ च्या हाती पडेल व फुकट जाईल. ख ने स्वतः एक चिठ्ठी टाकताच मात्र पाटीवरील जुना आकडा पुसून नवा लिहिला जाईल आणि सर्व सुरळीत होईल. ख गप्पच बसला तर काय? त्यासाठीच खऱ्या स्विचमध्ये प्रत्येक नोंदीस आयुष्य ठरवून दिलेले असते. मानकाने सुचविलेला काळ ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे. तेवढ्या वेळात त्या प्रेषकाचे एकही पत्र आले नाही की नोंद आपोआप पुसली जाते. जुनी नोंद चुकीची ठरण्यापेक्षा नोंद नसलेली बरी, असा हा हिशेब आहे.

तिसरा डाव सर्वांत महत्त्वाचा. ग ला कानात सांगावे की, “कोणाकडून” या जागी स्वतःचे नाव न लिहिता क चे लिही. स्विच बिचारा ग च्या फटीचा आकडा क समोर लिहील, आणि क साठी येणाऱ्या चिठ्ठ्या ग ला मिळू लागतील. क पुन्हा बोलेपर्यंत हे चालेल. मुले हसतील, हसू द्यावे. मग विचारावे, पाटीवर आता क चा आकडा चुकीचा आहे, तर त्यात स्विचची चूक कोणती? बराच वेळ चर्चा होईल आणि शेवटी कोणीतरी म्हणेल की, जे लिहून आले ते त्याने खरे मानले.

खरी वही पाहणे

खेळ झाल्यावर खरी वही दाखविता आली तर पाठास पूर्णता येते. परंतु येथे प्रथम एक गोष्ट पाहावी. शाळांस मिळणाऱ्या आठ-दहा पोर्टांच्या स्वस्त पेट्या बहुधा साध्या असतात. त्यांच्या आत वही असतेच. ती उघडण्याचा मार्ग नसतो. वही वाचावयाची तर व्यवस्थापनयोग्य स्विच लागतो. त्याचे स्वतःचे एक पान ब्राउझरमध्ये उघडते. पासवर्ड विचारला जातो. तो कारखान्यातून आलेलाच अजून चालत असेल तर आधी तो बदलावा. पुढे “मॅक ॲड्रेस टेबल” किंवा तत्सम नावाखाली यादी सापडते. तिच्यात प्रत्येक ओळीत एक पत्ता, एक पोर्टक्रमांक आणि नोंदीचा प्रकार असतो. स्विचने स्वतः शिकलेली नोंद “डायनॅमिक”, माणसाने हाताने बसविलेली “स्टॅटिक”.

साध्या हबला असली वही नसते. तथापि कार्यालयांत पूर्वी वापरल्या जाणाऱ्या व्यवस्थापनयोग्य हबांत निदान दोन गोष्टी पाहता येत. आरएफसी १३६८ या १९९२ च्या इंटरनेट-दस्तऐवजात त्या नेमून दिल्या आहेत. पोर्टवर शेवटचा प्रेषक कोण, आणि प्रेषक किती वेळा बदलला. युक्ती मोठी सुरेख होती. एका पोर्टमागे एकच संगणक असेल तर बदलांचा आकडा वाढत नाही. तो सारखा वाढू लागला की त्या तारेच्या पलीकडे एकाहून अधिक यंत्रे आहेत हे कार्यालयात बसून समजे.

व्यवस्थापनयोग्य पेटी नसेल तर विंडोज संगणकावर “आर्प” ही आज्ञा (तिच्यापुढे आडवी रेघ व ए हे अक्षर, सर्व इंग्रजी लिपीत) देऊन त्या संगणकाने नुकताच ज्यांच्याशी व्यवहार केला त्यांचे पत्ते पाहता येतात. त्यात पोर्ट कळत नाही, पण पत्ता दिसतो कसा हे मुलांस दाखविण्यास तेवढे पुरे.

स्विचमधील यादी कितीही चांगली असली तरी नुसत्या तिच्यावरून काहीच बोध होत नाही, जोवर शेजारी कागदाची वही नाही. बारा चिन्हांचा तो पत्ता म्हणजे खिडकीजवळचा संगणक की कपाटाशेजारचा, हे स्विच सांगू शकत नाही. म्हणून संगणककक्षात एक साधी नोंदवही ठेवावी: संगणकाचा क्रमांक, त्याचा मॅक पत्ता, पेटीतील पोर्ट आणि नोंद केल्याची तारीख. पत्ता मिळविण्यासाठी “गेटमॅक” ही आज्ञा आहे. हे काम मुलांकडूनच करवून घ्यावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने ताडून पाहावे. बारा चिन्हांत आठ आणि बी यांची अदलाबदल फार होते. तारखेचा रकाना गाळू नये. संगणक दुरुस्त होऊन आला आणि आतील मुख्य फलक बदललेला असला की पत्ताही बदलतो.

नोंदींची व्यवस्था

पाहण्यापलीकडे जाऊन शिक्षकास काही बंधनेही घालता येतात. एखादा पत्ता विशिष्ट पोर्टास कायमचा बांधता येतो. एका पोर्टवर किती पत्ते चालतील याची मर्यादा घालता येते. मर्यादा ओलांडली तर पेटी त्या नव्या पत्त्याची पत्रे टाकून देते, किंवा पोर्टच बंद करते. बाहेरचा कोणी तार काढून आपले यंत्र जोडू नये म्हणून हे उपयोगी आहे. पण येथे घाई करू नये. असे बंद झालेले पोर्ट पुष्कळ पेट्यांत माणसाने उघडल्याखेरीज उघडत नाही. यू-डायसची माहिती भरण्याच्या अखेरच्या दिवशी मुख्याध्यापकांचा संगणक दुरुस्तीहून परत येतो, तोच पत्ता बदललेला. दिवे लागत नाहीत, तंत्रज्ञ तारा तपासत बसतो, आणि कुलूप आपणच लावले होते हे कोणाच्या ध्यानीही नसते. ज्यास कुलूप लावावयाचे त्याने किल्ली कोठे आहे हे नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहावे. आणि ज्या पोर्टवरून इंटरनेटची किंवा दुसऱ्या पेटीची तार येते त्यावर मर्यादा मुळीच घालू नये. त्यामागे पुष्कळ पत्ते असणे साहजिकच आहे.

वाय-फायची पेटी जोडलेल्या पोर्टवरही असेच दिसते. तेथे मोबाइल फोनांचे पत्ते येतात, आणि त्यांपैकी बरेचसे कारखान्यातील खरे पत्ते नसतात. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून (२०१९) व आयफोनच्या चौदाव्या प्रणालीपासून (२०२०) फोन वाय-फायसाठी बनावट पत्ता धारण करतात, जेणेकरून फिरणाऱ्या माणसाचा माग कोणी काढू नये. ओळखण्याची खूण सोपी आहे: बारांपैकी दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्याने दिलेला नव्हे.

आणि येथेच शिक्षकाच्या न्यायबुद्धीचा प्रश्न येतो. समजा, संगणककक्षातून कोणी एक अश्लाघ्य संदेश धाडला, आणि नोंदींवरून तो पाचव्या संगणकाच्या पत्त्यावरून गेल्याचे निघाले. पाचव्या संगणकावर नेहमी बसणारा मुलगा लगेच उभा केला जातो. वस्तुतः सिद्ध काय झाले? पत्रावर पाचव्या यंत्राचा पत्ता लिहिला होता, एवढेच. त्या वेळी खुर्चीवर कोण होते हे वही सांगत नाही. आणि तो पत्ता खरोखर त्याच यंत्राने लिहिला होता की खेळातील ग प्रमाणे दुसऱ्याने, हेही ती सांगत नाही. प्रेषकाचा पत्ता संगणकावरील साध्या फेरफाराने बदलता येतो. फार तर, कोणत्या पोर्टमधून पत्र आले एवढे खरे मानता येईल, तेही त्या वेळी कोणी पाहून ठेवले असेल तर. पाच मिनिटांच्या शांततेनंतर ती ओळच पुसली गेलेली असते. अशा आधारावर मुलाचे नाव फळ्यावर लिहिणे किंवा पालकांस बोलावणे गैर आहे. चौकशी करावयाची तर बसण्याची हजेरी, वेळ आणि इतर मुलांचे म्हणणे यांची जोड हवी.

उलट, काही दोष असे आहेत की ते या वहीतूनच चटकन उघड होतात. कक्ष झाडताना लोंबणारी तार दिसते आणि कोणी सद्हेतूने तिचे मोकळे टोक त्याच पेटीत खोचून ठेवतो. आता तारेची दोन्ही टोके एकाच पेटीत. सर्वांसाठी असलेले पत्र एका पोर्टमधून बाहेर पडते, दुसऱ्यातून आत येते, पुन्हा बाहेर पडते. इथरनेटच्या पत्रावर फेऱ्यांची मोजदाद नसल्याने ते कधीच थांबत नाही. काही क्षणांत सर्व दिवे एकसारखे लुकलुकू लागतात व कक्षातील सर्व काम ठप्प होते. अशा वेळी वही पाहता आली तर एकच पत्ता क्षणात पोर्ट ३ वर, क्षणात पोर्ट ७ वर दिसतो. यंत्र तर जागचे हललेले नसते. ३ आणि ७ यांतील तार उपटावी, की झाले. असा फेरा आपोआप ओळखून जादा वाट बंद ठेवण्याची रीत रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधली व ती व्यवस्थापनयोग्य स्विचांत असते. साध्या पेट्यांत बहुधा नसते. त्यामुळे साधी पेटी असलेल्या शाळेत मोकळ्या तारा पेटीजवळ लोंबत ठेवू नयेत.

स्वाध्याय

पुढील यादी फळ्यावर लिहून मुलांस विचार करावयास सांगावे. पोर्ट १ वर क. पोर्ट २ वर ख आणि ग. पोर्ट ३ वर कोणीच नाही, मात्र त्याचा दिवा लागलेला आहे. पोर्ट ४ वर अकरा पत्ते, त्यांतील सात पत्त्यांचे दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई. पोर्ट ३ मागे काय असेल? (चालू असलेले, परंतु गेल्या पाच मिनिटांत काहीच न बोललेले यंत्र.) पोर्ट ४ मागे काय असेल? अकरा पत्ते म्हणजे अकरा माणसे, असे म्हणता येईल का? ख ने ग ला पत्र पाठविले आणि ते स्विचपर्यंत आले, तर स्विच ते कोणत्या पोर्टवर पाठवील?

शेवटच्या प्रश्नास मुले बहुधा “पोर्ट २” असे उत्तर देतील. ते चूक आहे, असे लगेच सांगू नये. चादरीच्या दुसऱ्या फटीपाशी दोघांस उभे करून चिठ्ठी टाकावयास लावावी. ख ने चिठ्ठी लिहून ती मोठ्याने वाचत फटीत सरकविली की ग ने ती ऐकलेलीच असते. पाटीवर दोघांसमोर २ हाच आकडा पाहून स्विच झालेली मुलगी चिठ्ठी कोठेच न देता खाली ठेवील.